गाडीतला जुना गॅस गिझर दुरुस्त करावा का?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि अंघोळीची सोय करून घेतली आहे. तिच्या न्हाणीत बसवलेला गॅस गिझर आता बराच जुना झाला असून तो उशिरा, ‘भप्प’ असा आवाज करत पेटतो आणि मिनिटभरात विझतो. ज्योतही पिवळी दिसते. मिस्त्री ‘सेन्सर डायरेक्ट करून देतो’ म्हणतात. करून घ्यावे का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सेन्सर डायरेक्ट करू देऊ नका, ही विनंती सर्वांत आधी. सेन्सर म्हणजे बर्नरजवळची बारीक सळई; ती ज्योत पेटलेली आहे की नाही हे ओळखते आणि ज्योत विझताच गॅस बंद करवते. डायरेक्ट करताना ती वगळली, तर विझलेल्या बर्नरमधून गॅस येतच राहील आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खिडकीतून निघून न जाता गाडीच्या तळाशी साठत जाईल.

‘भप्प’ हा आवाज ठिणगी पडण्याआधी साठलेला गॅस एकदम पेट घेतल्याचा आहे. त्यासाठी प्रथम ठिणगी पाडणारे दोन्ही सेल बदलावेत आणि सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला असल्यास तो घासून काढावा. विझण्याचे कारण मात्र पाण्याच्या बाजूला असू शकते. गिझरमधला रबरी पडदा पाण्याच्या दाबाने सरकला, तरच गॅस सुटतो. गाडीतला छोटा पंप थांबून-थांबून चालत असेल, तर तो पडदा मागे-पुढे होत राहतो आणि ज्योत टिकत नाही. नळ पूर्ण सोडून पंपाचा आवाज ऐकावा. पंप एकसारखा चालत असूनही धार बारीक येत असेल आणि विझण्याआधी पाणी कढत होत असेल, तर तांब्याच्या नळीत क्षार साचले आहेत असे समजावे, कारण अशा वेळी जादा उष्णतेचा स्विच गिझर बंद करतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने हे होतेच. गॅस बंद ठेवून, लिंबूसत्त्व घातलेले कोमट पाणी नळीत काही वेळ फिरवावे आणि नंतर साध्या पाण्याने नळी भरपूर धुवावी. नळीच गळत असेल, तर डाग देत बसू नये.

पिवळ्या ज्योतीची काळजी मला या सगळ्यापेक्षा अधिक वाटते. बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकले की हवा अपुरी पडते, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जाणकार कारागिराकडून बर्नर मऊ ब्रशने साफ करून घ्यावा. जेटमध्ये टाचणी मात्र घालू देऊ नये, कारण भोक मोठे झाले तर गॅस जास्त सुटतो आणि काजळी वाढते.

एवढे करूनही हा गिझर न्हाणीत परत बसवावा, असे मी सांगणार नाही. आपल्या बाजारातले साधे गॅस गिझर खोलीतलीच हवा घेतात आणि धूरही तिथेच सोडतात, त्यामुळे बंद न्हाणीत उत्तम स्थितीतला गिझरसुद्धा थोड्याच वेळात विषारी वायू तयार करू लागतो. गळणाऱ्या एलपीजीला वास येतो, या वायूला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो, आणि डोके जड होणे, मळमळणे याकडे माणूस प्रवासाचा शीण म्हणून दुर्लक्ष करतो. एग्झॉस्ट पंख्यावरही विसंबू नये, कारण गिझरला चिमणी जोडली असली, तरी लहान जागेत तो तिच्यातला धूर उलट आत ओढू शकतो. परदेशी कॅरॅव्हॅनमधल्या गिझरचा ज्वलनकक्ष आतल्या बाजूने पूर्ण बंद असतो. हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. तसा गिझर घ्यावा, किंवा हाच दुरुस्त करून गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण बंद, फक्त बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात बसवावा. तोपर्यंत पाणी गाडीबाहेर शेगडीवर तापवावे.

नव्याने जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावे, आणि लातूरपर्यंत गाडी नेऊन आणल्यावर तीच तपासणी पुन्हा करावी, कारण हादऱ्यांनी सांधे सैल होतात. गाडी चालताना सिलिंडर बंद असावा. नारिंगी सुरक्षा होजवरची तारीखही पाहून घ्यावी; पाच वर्षे झाली असल्यास ती बदलावी.