रशियात डॅनिश साहित्य कसे स्वीकारले गेले?

अनुवादित डॅनिश साहित्याला रशियन वाचकांनी आणि समीक्षकांनी कसा प्रतिसाद दिला, असे आपण विचारले आहे. मला याचे उत्तर एका माणसाच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते. पीटर इमॅनुएल हान्सेन हा मूळचा कोपनहेगनचा नट. १८७१ मध्ये तो डॅनिश तार कंपनीच्या नोकरीत सायबेरियात गेला, तिथे रशियन शिकला आणि पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये स्थायिक झाला. पत्नी आन्ना हिची मातृभाषा रशियन होती, आणि लग्नानंतर तिने डॅनिश आत्मसात केली. या दांपत्याने १८९४–९५ मध्ये हान्स क्रिस्चन अँडरसनचे साहित्य थेट मूळ डॅनिशमधून चार खंडांत रशियन वाचकांपुढे ठेवले.

अँडरसन तोवर रशियात अपरिचित नव्हता. चाळीसच्या दशकात त्याची कादंबरी रशियनमध्ये आली, तेव्हा समीक्षक बेलिन्स्कीला ती मुळीच रुचली नाही. १८५८ मध्ये दुसरा समीक्षक दोब्रोल्युबोव याने मात्र त्याच्या परीकथांची मनापासून प्रशंसा केली. टॉल्स्टॉयने राजाच्या नव्या पोशाखाची गोष्ट आपल्या बालवाचनमालेसाठी नव्याने लिहिली आणि त्यात राजा उघडा आहे हे मुलाऐवजी एका वेडगळ माणसाच्या तोंडून वदवले. रशियन परंपरेत असा भोळा वेडा माणूसच सत्य बोलतो, त्यामुळे हा बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो. तरीही अँडरसन घराघरांत पोहोचला तो हान्सेन दांपत्याच्या भाषेत. आजही हाच अनुवाद प्रमाण मानला जातो, जरी सोव्हिएत काळातील आवृत्त्यांत ‘हिमराणी’ या परीकथेतील नायिका गेर्डाची प्रार्थना आणि ख्रिस्तस्तोत्र गाळले गेले होते.

याच हान्सेनने त्याच १८९४ साली डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दच्या ‘हे किंवा ते’ या ग्रंथातील काही भाग ‘उपभोग आणि कर्तव्य’ या नावाने पुस्तकरूपात आणले. अनुवादक तोच, वर्षही तेच, पण या पुस्तकाचा रशियन विचारविश्वावर जवळजवळ काहीच ठसा उमटला नाही. लेव शेस्तोवसारख्या तत्त्वचिंतकाला किर्केगार्दचा खरा परिचय झाला तो देश सोडल्यानंतर, १९२८ च्या सुमारास, जर्मनीत. रशियातील साहित्यिक वा तात्त्विक वर्तुळांत आपण त्याचे नावही कधी ऐकले नव्हते, असे त्याने नमूद केले आहे. माझ्या मते दोष अनुवादाचा नव्हता. वाचकांसमोर आले ते केवळ सौंदर्यवादी, म्हणजे उपभोगात रमणाऱ्या, आणि नैतिक, म्हणजे कर्तव्याला बांधलेल्या, जीवनाविषयीचे विवेचन. श्रद्धेविषयीचे लेखन, ज्याच्याकडे हे विवेचन नेते, ते त्यात नव्हतेच. परिणामी श्रद्धा आणि संशयाच्या झगड्यावर लिहिणारा कादंबरीकार दॉस्तोयेव्हस्की वाचलेल्या पिढीला हा लेखक व्यक्तिमत्त्वविकासावर निबंध लिहिणारा एक सभ्य गृहस्थ वाटला असावा. शेस्तोवने मात्र त्याच्यात दॉस्तोयेव्हस्कीचा सख्खा भाऊ पाहिला, आणि त्याच्यावरचा आपला ग्रंथ १९३६ मध्ये पॅरिसमध्ये, प्रथम फ्रेंच अनुवादात, प्रसिद्ध केला.