जुनी गाडी घेताय? आधी इन्शुरन्सचा आकडा काढा

प्रश्न: दोन जुन्या गाड्या बघितल्यात, किंमत जवळपास सारखीच, पण एकीचा प्रीमियम बराच जास्त सांगतायत, असं का? आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस मला मिळेल ना?

उत्तर: नाही मिळणार. हा बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यामुळे विकणारा काहीही म्हणाला तरी तो हिशोबात धरू नका, तुमचा स्वतःचा असेल तर तो मात्र जरूर सांगा.

आता प्रीमियमचं. कंपनी नुसती गाडीची किंमत बघत नाही, इंजिन केवढं, पार्ट महाग आहेत का, ते मॉडेल चोरीला जास्त जातं का, चालवणाऱ्याचं वय आणि आधीचे क्लेम, असं बरंच काही बघितलं जातं (कुठे काय धरतात ते देशानुसार बदलतं), म्हणून स्वस्तात मिळालेली मोठ्या इंजिनची गाडी पुढे दरवर्षी खिशाला जड जाऊ शकते. गाडी फारच जुनी असेल तर फुल कव्हर (म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा) खरंच हवंय का विचार करा, कारण गाडी पूर्ण गेली तरी साधारण तेव्हाच्या किमतीएवढेच पैसे हातात येतात. आणि गाडीत आधीच्या मालकाने काही बदल केले असतील तर ते कंपनीला सांगाच, लपवलं तर क्लेम अडकतो. टोकन देण्याआधी दोन्ही गाड्यांची कोटेशन लेखी मागून घ्या.