पटाशी तुझी, पट्टी कारखान्याची

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत रुजू होऊन तुला तीन आठवडे झाले. कॉलेजची चार वर्षे तू लिनक्सवर आणि विम या कीबोर्डवरच चालणाऱ्या एडिटरमध्ये काम केलेस, ती सवय बोटांत इतकी मुरली की माउसला हात लावण्याची गरजच उरली नाही, आणि आता टेबलावर विंडोजचा लॅपटॉप, त्यात व्हिज्युअल स्टुडिओ हे कोड लिहिण्याचे साधन आणि भाषा सी शार्प. दिवसभर राबूनही हातून काहीच झाले नाही असे संध्याकाळी खानापूरच्या बसमध्ये बसल्यावर वाटते, असे तू लिहिले आहेस. हे दुःख क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. हत्यार हाताला बसलेले असले की काम वेगळे होते, हे मी घरात पाहत मोठा झालो.

माझे वडील उद्यमबागेतल्याच एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. सागवानी लाकडाचा पॅटर्न ते घडवत, तो वाळूत दाबून साचा तयार होई आणि साच्यात वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतले जाई. त्यांच्या पटाश्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. मुठी त्यांनी आपल्या तळव्याच्या मापाने घडवल्या होत्या आणि रोज रात्री जेवणानंतर ते धारेच्या दगडावर तेल टाकून एकेक पटाशी लावत बसत. त्या पटाश्यांना आम्हा मुलांनी हात लावलेला त्यांना खपत नसे. मापाची पट्टी मात्र ते कधीही घरून नेत नसत, ती फौंड्रीच्या स्टोअरमधून घ्यावी लागे. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठीची पट्टीच मुळात ताणलेली असते. तिच्यावरचा हजार मिलिमीटरचा आकडा प्रत्यक्षात सुमारे एक हजार दहा मिलिमीटरवर कोरलेला असतो. पोलादाचे आकुंचन याच्या जवळपास दुप्पट, म्हणून त्याची पट्टी वेगळी. एखाद्याने आपल्या आवडीची साधी पट्टी वापरली, तर त्याचा पॅटर्न दिसायला कितीही सुबक असला तरी कास्टिंग लहान येणार आणि मशीनशॉपमध्ये ते वाया जाणार. पटाशी कोणती वापरली, हे तयार पॅटर्नवरून कोणालाही ओळखता येत नसे. पट्टी कोणती वापरली, हे शेवटच्या माणसाला कळत असे.

तुझ्या नोकरीतली प्रत्येक गोष्ट या दोहोंपैकी कशात मोडते, ते आधी ठरव. स्क्रीनचा रंग, अक्षरांचा आकार, कीबोर्डचे शॉर्टकट, टर्मिनलमधल्या तुझ्या छोट्या स्क्रिप्ट, ही तुझी पटाशी आहे, कारण यांतले काहीही कमिटमध्ये, म्हणजे टीमच्या कोडमध्ये नोंदवलेल्या बदलात, उतरत नाही. इंडेंटेशन म्हणजे ओळीआधी सोडलेली जागा, ओळींचे शेवट, नावे देण्याची पद्धत, कोडपासून चालणारा प्रोग्राम, म्हणजे बिल्ड, कसा होतो, कमिटचा संदेश कसा लिहितात, ही पट्टी आहे आणि तिथे टीमचाच शब्द चालला पाहिजे, तो तुला पटो वा न पटो.

हा फरक मला उशिरा कळला आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत कोणाला न विचारता मी माझा घरचा एडिटर वापरत होतो. फाइल सेव्ह करताना त्याने टॅबच्या जागी स्पेस घातल्या आणि ओळींचे शेवटही बदलले; विंडोजमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, लिनक्समध्ये एकच. माझा बदल चार ओळींचा होता, पण जुन्या-नव्या फाइलमधला फरक काढला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळेच बदललेले दिसत होते. त्या चार ओळींत एक चूक होती, आणि ती शोधण्यासाठी माझी वरिष्ठ सहकारी रात्री अकरापर्यंत थांबली. निघताना ती मला एका शब्दानेही बोलली नाही. ते मला अजून आठवते.

कंपनीच्या कामासाठी स्वतःचा लॅपटॉप आणू का, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही असे आहे. त्या कोडवर आणि त्यातल्या माहितीवर ग्राहकाचा हक्क आहे, आणि ती कोणत्या यंत्रावर राहावी हे ठरवणे तुझ्या हातात नाही. त्याच कारणाने परवानगीशिवाय कंपनीच्या यंत्रावर काही बसवू नकोस. परवानगी मात्र जरूर माग. व्हिज्युअल स्टुडिओत विमच्या कळा आणून देणारे व्हीएसविम नावाचे एक्स्टेन्शन आहे, आणि विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून दिलेली आहे. टीम लीडला दोन ओळींची ईमेल लिही, काय हवे आणि कशासाठी हवे ते सांग. नकार आला तर सहा महिन्यांनी पुन्हा विचार.

या सहा महिन्यांत तू व्हिज्युअल स्टुडिओ मन लावून शिकावेस, अशी माझी आग्रहाची इच्छा आहे. विशेषतः त्याचा डिबगर, म्हणजे चुका शोधण्याची सोय. विशिष्ट अट खरी ठरेल तेव्हाच प्रोग्राम थांबवणे, थांबलेल्या जागी प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय आहे ते पाहणे, कोणत्या फंक्शनमधून आपण इथवर आलो ते उलट चालत जाऊन तपासणे, हे त्यात फार उत्तम जमते आणि चांगले शिकलेला माणूस तिथे तासांचे काम मिनिटांत करतो. तुझ्याकडे जी जुनी मंडळी आहेत त्यांच्यापैकी एकाच्या शेजारी तासभर नुसता बसून पाहा. तू घरी मराठी बोलतोस, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड बोलतोस, आणि दुसरीमुळे पहिली बाटली असे तुला कधी वाटले नाही. इथेही वाटण्याचे कारण नाही.

मुक्त सॉफ्टवेअरवरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो त्यावरच्या, तुझ्या निष्ठेचा प्रश्न याहून खोल आहे. लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, काम २००२ पासून बिटकीपर या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या पण मुक्त नसलेल्या साधनावर चालत होते. अनेकांचा आक्षेप असतानाही लिनक्सचे जनक लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते स्वीकारले, कारण त्या वेळी कामाला तेच सर्वांत योग्य वाटत होते. २००५ मध्ये त्याच्या मोफत वापराची मुभा काढून घेतली गेली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी त्याच कामासाठी गिट हे मुक्त साधन लिहायला घेतले. प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत ठेवून काम करण्याची जी रीत त्यांनी बिटकीपरवर अनुभवली होती, ती गिटमध्ये आली. आक्षेप घेणाऱ्यांची भीती खरी ठरली, हेही विसरू नकोस. परक्याच्या मर्जीवरचे साधन एका दिवसात जाऊ शकते. म्हणून घरचे लिनक्स सोडू नकोस, रविवारी एखाद्या मुक्त प्रकल्पाला हातभार लाव. त्याआधी नेमणूकपत्रातले, तू लिहिलेल्या कोडवर हक्क कोणाचा, हे कलम नीट वाच. आणि ज्यात मिसळला त्याचाही कोड वाटताना खुला करायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याचा कोड ग्राहकाच्या प्रॉडक्टमध्ये विचारल्याशिवाय घालू नकोस. ज्या परवान्यावर तुझे प्रेम आहे त्याचा मानही तसाच राखला जातो.

किती दिवस सहन करू, असे तू विचारले आहेस. साधन पूर्ण शिकूनही ते कामात अडथळाच ठरत असेल आणि सुचवलेले कोणी ऐकूनही घेत नसेल, तर वर्षभराने दुसरी नोकरी शोध, मी स्वतः मदत करीन. तिसऱ्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नकोस.

सोमवारी गेल्यावर एवढे कर. रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या कोडच्या सामायिक साठ्यात, एडिटरकॉन्फिगची फाइल आहे का ते पाहा; इंडेंटेशन आणि ओळींचे शेवट कसे असावेत हे ती प्रत्येकाच्या एडिटरला सांगते. नसेल तर टीमची सध्याची पद्धत नीट विचारून घे, ती त्या फाइलमध्ये उतरव आणि रिव्ह्यूला पाठव. मग तुझा गेल्या आठवड्याचा कमिट उघडून बदललेल्या ओळी मोज आणि तू खरोखर किती ओळी बदलल्या होत्यास ते आठवून पाहा. दोन्ही आकडे मला कळव.

तुझा,
काका