फील्डवरचे कार्यकर्ते थकत चालले आहेत, संस्थेने काय करावं?

धडगाव तालुक्यात तुमची आठ-नऊ कार्यकर्त्यांची छोटी संस्था आहे, माता-बाल आरोग्याचं काम करता. जुन्या ताया गप्प गप्प राहू लागल्यात, दोघी काम सोडून गेल्या. तणावमुक्तीचं शिबिर घेतलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

शिबिर घ्या, पण त्याआधी प्रवासखर्चाची अडकलेली बिलं चुकती करा. मी शहाद्याकडे बरीच वर्षं अशाच टीमचं समन्वयाचं काम केलंय. "आते मन लागत नही, भाऊ" असं कुणी म्हणालं, की बहुतेक वेळा त्यामागे स्वतःच्या खिशातून भरलेलं पेट्रोल असायचं, रेंजसाठी टेकडीवर चढून भरलेली माहिती असायची आणि रात्री दहाला ग्रुपवर आलेलं "अर्जंट पाठवा" असायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआऊट'ची नोंद केली, तीही आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्यामुळे येणारी अवस्था म्हणून. म्हणजे आधी दुरुस्त करायचं ते काम.

सगळ्यात जड गोष्ट पाड्यावरच्या बाळाच्या मृत्यूची. तुमची कार्यकर्ती त्याच पाड्यावरची असते. तिनेच ते बाळ महिनोन् महिने वजनकाट्यावर घेतलेलं असतं, आईला दवाखान्यात चल म्हणून विनवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेल्यावर तीच आई समोर येते. आणि ऑफिसमधून फोन येतो तो फॉर्म भरला का, हे विचारायला. हे मला फार निर्दय वाटतं. त्या दिवशी जबाबदार माणसाने स्वतः तिच्या घरी जावं आणि कागदांचा विषय काढू नये. नोंद शेजारच्या पाड्याच्या कार्यकर्तीने करावी. त्या पाड्याच्या कार्यकर्तीला तीन-चार दिवस भेटींना पाठवू नका आणि त्या दिवसांचं मानधन कापू नका. ती पावरीत, म्हणजे पावरा लोकांच्या बोलीत, बोलत असेल तर पावरी येणारी सहकारी सोबत न्या. असं दुःख मराठीत सांगताना माणूस अर्धं गिळतो.

वर्षाचं वेळापत्रक सातपुड्याकडे बघून करा. मार्चएंडचे अहवाल नेमके होळीआधी भरणारा भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या तोंडावर येतात. काठी गावची होळी हा या माणसांचा वर्षाचा सण, त्या आठवड्यात बैठक ठेवूच नका. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, कितीतरी पाडे अर्धे रिकामे होतात. लांब रजा आणि प्रशिक्षण तेव्हा ठेवा. मे महिन्यात दुपारच्या भेटी बंद, सकाळी दहाच्या आत काम उरका.

एकट्या बाईला लांबच्या पाड्यावर पाठवू नका, जोडीने पाठवा. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात स्वयंसेवकही येतात. दहापेक्षा कमी माणसं असली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे तुमच्या प्रत्येक ताईला माहीत हवं.

कुणाची झोप दोन-दोन आठवडे उडाली असेल, जगणं नको असं तोंडून निघत असेल, तर मात्र गप्पांवर भागवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. तेवढ्यावरही न थांबता सोबत जाऊन नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. येण्याजाण्याचा खर्च संस्थेने करावा.

आणि या सगळ्याला पैसे लागतात, म्हणून पुढच्या प्रस्तावात प्रवास, बदली कार्यकर्ती आणि पगारी रजा अशा वेगळ्या ओळी घाला. देणगीदार खोडतील या भीतीने आपण त्या मागतच नाही. मागा, आणि कार्यकर्ती टिकली नाही तर तिच्या भेटीही थांबतात, हे त्यांना स्पष्ट सांगा.