शंका-समाधान : बी.एड. नाही, टीईटी नाही… मग शिक्षक म्हणून नेमता येईल का?

प्रश्न : आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक ऑगस्टअखेर निवृत्त झाले. नववी-दहावीचे तास रिकामे जात आहेत. गावातलीच एक मुलगी बी.एस्सी. आहे, शिकवते छान, पण बी.एड. नाही. तिला घेता येईल का?
— संस्थेचे सचिव, तालुका संगमेश्वर

उत्तर : वाट आहे, पण अगदी अरुंद. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. नियम ६ मध्ये मूळ अट अशी की शिक्षकाकडे अनुसूची ‘ब’मधली अर्हता हवीच. त्यालाच जोडून एक सवलत दिली आहे : प्रशिक्षित पदवीधर मिळत नसेल, तर अपवाद म्हणून गणित-विज्ञानासाठी अप्रशिक्षित विज्ञान पदवीधर नेमायला शिक्षणाधिकारी परवानगी देऊ शकतात. ही नेमणूक फक्त एकेका वर्षाची असते. प्रशिक्षणाची अर्हता त्या व्यक्तीने स्वखर्चाने मिळवायची असते आणि प्रशिक्षित उमेदवार मिळाला की तिची सेवा संपवता येते.

परवानगी आधी आणि नेमणूक नंतर, हा क्रम चुकवू नका. बहुतेक संस्था इथेच चुकतात. आधी माणूस रुजू करून घेतात, हजेरीपटावर सह्या सुरू होतात आणि प्रस्ताव दिवाळीनंतर जातो. मग त्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता अडते, शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन पगारप्रणालीत नाव चढत नाही आणि पगाराला कोणी वाली राहत नाही.

पहिल्यांदा संचमान्यता (शाळेच्या मंजूर पदांचा तक्ता) काढून पद मंजूर आहे का आणि बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांची नोंद) ते कोणत्या प्रवर्गाचे आहे ते पाहा. नंतर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना लेखी विचारा की या विषयाचा अतिरिक्त (दुसऱ्या शाळेत पद न उरलेला) शिक्षक उपलब्ध आहे का. कलम ५ प्रमाणे कायम रिक्त पद भरण्यापूर्वी ही विचारणा सक्तीची आहे. पत्राच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. ‘प्रशिक्षित उमेदवार मिळाला नाही’ हे दाखवणारे कागद हवेत : जाहिरातीचे कात्रण, आलेल्या अर्जांची यादी, कोणाला का नाकारले त्याची नोंद. एवढे जमल्यावरच परवानगी मागा. ती मिळाली तर अनुसूची ‘ड’च्या नमुन्यात आदेश द्या. त्यात कालावधीची सुरुवात आणि शेवट या दोन्ही तारखा लिहा आणि आदेश मिळाल्याची उमेदवाराची पोच ठेवा.

परवानगी मिळेलच असे मात्र धरून चालू नका. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार नववी-दहावीसाठी किमान ५० टक्के गुणांची पदवी आणि बी.एड. ही किमान अर्हता आहे. अधिकारी ती पुढे करणारच.

आता त्या मुलीविषयी. ‘नोकरी करता करता बी.एड. करून घे’ असे तिला कोणी सांगत असेल, तर ते तिला फसवणे आहे. नियमित बी.एड. दोन वर्षांचे असते. वर्गकामाला ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकाळाला ९० टक्के हजेरी लागते. म्हणजे तुमच्या शाळेत पूर्ण वेळ शिकवून ते होणार नाही. मुक्त विद्यापीठाचे दूरस्थ बी.एड. आधीच डी.एड.सारखे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. नुसत्या बी.एस्सी.वर तिथे प्रवेश नाही. हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. दोन वर्षे थांबून ती बी.एड. करून आली, तर तुमच्याच शाळेला हक्काची शिक्षिका मिळेल.

आणखी एक गैरसमज. ‘प्रसूती रजेपुरते कोणालाही घेतले तरी चालते’ असे सर्रास म्हटले जाते. कलम ५ मध्ये तात्पुरत्या रिक्त जागेवरही अर्हताधारक व्यक्तीच नेमायची असे म्हटले आहे.

प्रश्न : मी बी.ए. आहे. सहा वर्षे एका माध्यमिक शाळेत दर जूनला नवा आदेश मिळत होता. मान्यता कधीच आली नाही. या वर्षी ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले. शाळा न्यायाधिकरणात जाऊ का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : १९७७ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ९ खाली अपिलाची मुदत ३० दिवस आहे. तोंडी काढले तरी ती गृहीत धरून आजच वकील गाठा. उशीर झाला असेल, तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. पण खोटी आशा लावणे बरोबर नाही. न्यायाधिकरण पाहते की नेमणूक कलम ५ प्रमाणे झाली होती का. बी.एड. नाही आणि मान्यता नाही, तर सहा वर्षांच्या आदेशांवरून कायमपणाचा हक्क उभा राहणे फार अवघड आहे. केलेल्या कामाचा पगार हा मुद्दा वेगळा. मान्यतेअभावी तो शासनाकडून येत नाही, संस्थेकडेच मागावा लागतो. त्यासाठी सगळे आदेश, हजेरीपटाच्या प्रती, तुमचे नाव असलेली वेळापत्रके आणि बँकेचे पासबुक एकत्र करा. तुमच्यासारख्यांची उमेदीची वर्षे अशा मान्यता नसलेल्या आदेशांवर जातात, याचे वाईट वाटते.

प्रश्न : माझा जन्म १९७६ चा. २००३ पासून सहावी-सातवीला शिकवतो, डी.एड. आहे. मलाही आता ‘अपात्र’ धरणार का?
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाविषयी तुम्ही विचारत आहात. शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेल्या आणि त्या दिवशी निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हायचे आहे. पाच वर्षांहून कमी उरलेली असतील, तर टीईटीविना निवृत्तीपर्यंत राहता येते, पण पदोन्नती मिळत नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. तुम्ही ५८ व्या वर्षी, २०३४ मध्ये निवृत्त व्हाल, म्हणून परीक्षा द्यावी लागेल.

सहावी ते आठवीसाठी पेपर दुसरा : १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, दोन भाषा प्रत्येकी ३० आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र ६०. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, मागासवर्गीयांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. वीस वर्षांच्या अनुभवावर विषयाचे ६० गुण जमतात. बालमानसशास्त्राच्या संज्ञा मात्र विसरलेल्या असतात, म्हणून सुरुवात तिथून करा. प्रमाणपत्र आजीवन वैध असते.

प्रश्न : मुलगी खासगी विनाअनुदानित शाळेत चौथीत आहे. वर्गशिक्षिका फक्त बारावी झालेल्या आहेत असे कळते. हे चालते का? तक्रार कुठे करायची?
— एक पालक, नवी मुंबई

उत्तर : चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ ची किमान अर्हता पहिली ते आठवीच्या विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, मग मंडळ कोणतेही असो. पाचवीपर्यंत बारावीनंतरची डी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर या वर्गांसाठी नुसते बी.एड.ही पुरत नाही. जे अप्रशिक्षित आधीपासून सेवेत होते, त्यांना दिलेली शेवटची मुदत ३१ मार्च २०१९ ला संपली.

आधी मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि शिक्षिकेची शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता विचारा. भाषा सौम्य ठेवा, कारण त्या बाईंना कमी पगारावर नेमणारी संस्था आहे आणि उत्तर तिने द्यायचे आहे. उत्तर आले नाही, तर त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, तुमच्या बाबतीत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार करा. निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. तो मान्य नसेल, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पत्राची पोच जपून ठेवा. तीन महिने तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात.