येशूला आपण देव आहोत हे लहानपणापासूनच ठाऊक होतं का?

एका शब्दात हो-नाही म्हणता येत नाही. सोलापुरात उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकात हा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, "अहो, देवच तो, त्याला काय शिकायचंय?" ऐकायला भक्तीचं वाटतं, पण हे चौथ्या शतकातल्या अपॉलिनॅरिस या बिशपच्या वळणावर जातं. त्याच्या मते येशूत मानवी बुद्धी नव्हतीच, तिच्या जागी दैवी शब्द, म्हणजे देवाचा पुत्रच, होता. इ.स. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या चर्च-परिषदेने ते पाखंड ठरवलं. ४५१ला खाल्सेदोनच्या परिषदेने म्हटलं, येशू व्यक्ती एक, पण त्याची स्वरूपं दोन: दैवी आणि मानवी.

लूक २:५२ सांगतं, तो ज्ञानात वाढत गेला. मात्र त्याच अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिराला पित्याचं घर मानतो! मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्विनास म्हणे, गर्भापासूनच येशूच्या मानवी मनाला देवाचं थेट दर्शन होतं. मला ते पटत नाही. कारण मार्क १३:३२मध्ये जगाच्या शेवटाचा दिवस पुत्राला, म्हणजे खुद्द येशूलाही, ठाऊक नाही.