पलटणीतल्या शिपायांची नावं शोधत वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. लष्करी इतिहास वाचायचाय, सुरुवात कुठून करू असं विचारलंयस. माझं ऐकशील तर सगळं महायुद्ध एकदम उघडू नकोस, आणि सेनापतींच्या चरित्रांपासून तर अजिबातच नको, तिथे शिपाई फक्त आकड्यात भेटतो. एक पलटण धर, एक लढाई धर, नकाशा शेजारी ठेव.

पहिल्या महायुद्धातला, आजच्या इराकमधल्या कुत गावाचा वेढाच घे ना. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, टायग्रिस नदीच्या काठावर ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेची पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे मारून खायची पाळी आली, आपल्या कितीतरी शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस नाकारलं आणि भुकेने खंगत गेले. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं, बरेच जण वाटेतच गेले. हे सगळं वाचताना डिव्हिजनचा सेनापती जनरल टाऊनशेंड पानोपानी भेटतो, साताऱ्या-रत्नागिरीचा पोरगा भेटत नाही, आणि याचा मला खरंच राग येतो. तिथल्या आघाडीवर मेलेल्यांचं इराकमधलं बसरा मेमोरियल ४०,००० हून जास्त लोकांचं आहे, पण त्यावर भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या भारतीय शिपायांचा नुसता आकडा.

म्हणून असा आकडा आला की पान उलटू नकोस. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर पलटण टाकून शोध, कधीकधी बापाचं नाव, गाव, जिल्हा सगळं मिळतं. स्पेलिंगं विचित्र असतात, मोठ्याने वाचलंस की गाव ओळखू येईल.

दुसऱ्या महायुद्धात आलास की माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे वाच. १० जुलै १९४४, इटली, टायबरचं खोरं. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटेच मशिनगनवर धावले, ग्रेनेड टाकला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला, नाव इटलीतल्या कॅसिनो मेमोरियलवर आहे.

आणि गावी जाशील तेव्हा चावडी, जुनी शाळा, देऊळ इथे भिंतीत दगडी पाटी आहे का बघ, पहिल्या महायुद्धात गावातून किती गेले नि किती मेले एवढंच त्यावर असतं. साताऱ्याच्या अपशिंग्याचे ४६ जण परत आले नाहीत. पाटी दिसली तर फोटो पाठव, नावं आपण दोघं मिळून शोधू.